आप्पांचा अवकाडा

आप्पांच्या दारात पांढरीशुभ्र, भलीमोठी मोटार उभी असायची आणि आप्पा दूध आणायला घोडीवरून जायचे. मोटारीवर एक जुनी फुलाफुलांची चादर घातलेली असे आणि त्या चादरीवर कोंबडी बसलेली असे. मारुंजीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, कुठल्या तरी मालिकेचं शूटिंग चाललंय. डोक्याला फेटा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायांत मॉलमधले पोपटी नाडीचे बूट, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात दुधाची किटली, असा हा साठीपुढचा गृहस्थ हिंजवडीकडं तुंबलेल्या गाड्यांच्या रांगेतून टपटप करत पुढं निघून जायचा. लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर घेऊन बसलेली सुशिक्षित माणसं काचेतून त्याच्याकडं बघत राहायची. त्या माणसांत मीही असायची. "गाडी कुनीबी घेतं, ताई," आप्पा मला म्हणायचे. "ती पुढं जाया पायजे ना!"

मी त्यांची भाडेकरू. परभणीकडून नोकरीसाठी आले तेव्हा खोली बघत हिंडत होते. प्रत्येक घरमालक काही ना काही विचारायचा. लग्न झालंय का, मांसाहार करता का, आडनाव काय, रात्री किती वाजता येता, मित्र येणार का. आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "घोडीला भेता का?" मी नाही म्हटलं, तर मला थेट घोडीच्या ठाणावर घेऊन गेले. इमारतीच्या खाली, जिथं नकाशात पार्किंग दाखवलं होतं, तिथं एक उंच, लालसर अंगाची, कपाळावर पांढरा चांद असलेली घोडी उभी होती. तिनं माझी ओढणी हुंगली, फुर्र केलं आणि मान वळवून पुन्हा कडबा खायला लागली. "पास," आप्पा म्हणाले. माझ्या कंपनीनं मला घेण्याआधी मुलाखतींच्या फेऱ्यांवर फेऱ्या केल्या होत्या. त्या मानानं हे काम फारच सुटसुटीत झालं.

घोडीचं नाव मैना. इमारतीचं नाव 'मैना हाइट्स'. आप्पांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं नाव सुमन. काकू ही गोष्ट आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या कानावर घालायच्या. "माझं नाव नळाच्या बिलावर बी न्हाई," त्या म्हणायच्या, "आन् हिचं बघा, दिव्यात चमकतंय." आप्पा त्यावर मैनेला हरभरे घालायला उठत. एकदाच म्हणाले, "तुझं नाव लावलं असतं तर भाडेकरू 'सुमनमधी ढेकूण झालेत' असं बोलले असते. चाललं असतं का तुला?" काकूंनी त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही.

आप्पा मूळचे मारुंजीचेच. हिंजवडीत कंपन्या आल्या तशी जमीन थोडीथोडी गेली, आणि उरलेल्यात ही इमारत आणि मागं एक तुकडा, एवढं राहिलं. पण आप्पांचा जीव ना इमारतीत होता ना तुकड्यात. तो मैनेत होता. त्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीला गाड्यापुढं घोडी पळते. चढाच्या घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल सुटले की घोडी त्यांच्या पुढं वाऱ्यासारखी निघते आणि बैल तिच्या मागं जिवाच्या आकांतानं धावतात. आप्पांचे मेहुणे, काकूंचे धाकटे भाऊ, निघोज्याला राहायचे. त्यांचा गाडा पंचक्रोशीत नावाजलेला, आणि त्या गाड्यापुढं पळायची मैना. गाडा जिंकला की मेहुणे म्हणत, बैल पळाले. आप्पा म्हणत, बैलांना काय, पुढं मैना असल्यावर बुलडोझर पळंल. हा वाद घरात बारमाही चालायचा आणि काकू दोन्हीकडून बोलणी खायच्या.

आता आप्पांचा खरा दोष सांगते. त्यांना नव्याची भारी हौस. "काळाबरबर जाया लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि काळ म्हणजे आम्ही भाडेकरू. आम्ही काय खातो, काय पितो, कशानं केस धुतो, यावर त्यांची बारीक नजर असायची. कुणी ग्रीन टी पितो म्हटल्यावर त्यांनीही पुडा आणला आणि त्यात म्हशीचं दूध, गूळ आणि आलं घालून तो रटारटा उकळला. "बेस हाय," म्हणाले, "फकस्त कलर जरा गेलाय." एक भाडेकरू जाताना ट्रेडमिल टाकून गेला. आप्पा त्यावर एकदाच चढले, उतरले ते लंगडतच. पुढं काकूंनी त्यावर कुरडया वाळत घातल्या. यंत्राचा त्याहून चांगला उपयोग मारुंजीत कुठंच होत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. कारण आमच्या ऑफिसच्या जिममध्ये तर कुरडयासुद्धा नव्हत्या.

या सगळ्यात आप्पांचा मुख्य गुरू म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा अनिकेत. अनिकेत नागपूरचा, स्वभावानं अगदी सालस. पण त्याला खाण्याचं शास्त्र जडलं होतं. तो भात खात नसे, पोळी खात नसे, आणि जे खात असे त्याचे फोटो काढत असे. एका रविवारी त्यानं पावावर हिरवा लगदा फासून आप्पांना दिला. आप्पांनी घास तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि बराच वेळ विचार केला.

"साबनाला मीठ लावल्यागत लागतंय," ते म्हणाले.

"अॅव्होकॅडो आहे आप्पा. हार्टसाठी एकदम बेस्ट. वाकडला मॉलमध्ये लोक तुटून पडतात."

"हितं हुतंय का झाड?"

"होतं ना. बरेच शेतकरी लावतायत आता."

तेवढं ऐकलं आणि आप्पांच्या डोळ्यांत चमक आली. चव गेली उडत. वाकडची माणसं ज्याच्यावर तुटून पडतात ते झाड आपल्या दारात नसावं म्हणजे काय? त्या दिवसापासून त्यांनी त्या फळाला 'अवकाडा' म्हणायला सुरुवात केली, आणि सगळ्या गल्लीनं तेच नाव उचललं.

इमारतीच्या मागं जो तुकडा होता त्यात मैनेसाठी घास लावलेला असायचा. हिरवागार, वर्षभर कापला तरी पुन्हा फुटणारा लसूणघास. आप्पांनी तो नांगरून टाकला. काकू पदर खोचून बांधावर उभ्या राहिल्या. "आन् घोडीनं काय खायाचं?"

"इकत आनू."

"घरचं मोडायचं आन् इकत आनायचं. ह्याला काय म्हंत्यात?"

"ह्याला नियोजन म्हंत्यात," आप्पा म्हणाले.

रोपं आली ती पाहुण्यांसारखी आली. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी, बुडाला गोणपाट, वर सावलीची जाळी. ठिबक बसवलं. नारळ फुटला. अनिकेतनं सगळ्याचा व्हिडिओ केला. पुढल्याच महिन्यात एका कार्यक्रमात शाल आणि श्रीफळ देऊन आप्पांचा प्रगतिशील शेतकरी म्हणून सत्कार झाला. झाडाला अजून चार पानंही नव्हती, पण सत्कार करणाऱ्यांचीही घाई समजण्यासारखी होती. त्यांना त्याच संध्याकाळी आणखी दोन ठिकाणी प्रगती शोधायची होती.

झाडं मात्र झपाट्यानं वाढली. पानं तर अशी, की बघत राहावं. लांबट, जाड, तेल लावल्यासारखी तुकतुकीत. फळ काही धरेना. वाकडहून एक सल्लागार आले. मोठी हॅट, काळा चष्मा, हातात टॅब. त्यांनी झाडांभोवती फेरी मारली, टॅबवर काहीतरी बघितलं आणि सांगितलं की झाडं उंच जातायत, छाटणी करा, म्हणजे रुंद होतील आणि फळ धरतील. आप्पांनी छाटणी केली. हिरव्या फांद्यांचा हा एवढा ढीग ठाणाशेजारी पडला.

ते फाल्गुनातले दिवस होते. गावच्या यात्रेचा घाट जवळ आलेला. मैनेची तयारी चालू होती, रोज खरारा, भिजवलेले हरभरे, सकाळी लांबची रपेट. पण हिरवं काही मिळत नव्हतं. विकत आणलेला कडबा कोरडाठाक, आणि तो खाऊन ती कंटाळलेली. ती सारखी मान लांब करून त्या ढिगाकडं बघायची. आप्पांनाही वाटायला लागलं की एवढी उंची वस्तू उकिरड्यावर जातेय. त्यांनी खालूनच हाक मारली.

"अनिकेतसायेब! ह्याच्या पानांत बी गुन असत्याल का वो?"

अनिकेत गॅलरीत दात घासत होता. त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं आणि वरूनच सांगितलं, "हो आप्पा! लोक पानांचा चहा करून पितात. सुपरफूड आहे!"

झालं. आप्पांनी कोयत्यानं पानं बारीक केली, हरभऱ्याच्या भरडीत कालवली, वर गूळ घातला आणि आपल्या हातानं मैनेला चारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी ऑफिसला निघाले तेव्हा ते तिच्या मानेवर थोपटत म्हणत होते, "खा बया. वाकडला मॉलात जाऊन खात्यात लोकं. तुझं हाय घरचं."

त्याच्या पुढल्या सकाळी काकूंच्या ओरडण्यानं मला जाग आली. खाली धावले. मैना ठाणावर उभी होती, पण ती मैना वाटत नव्हती. तोंड सुजून दुप्पट झालेलं. ओठ जाडजूड लोंबत होते, डोळे सुजेत बुडालेले, आणि जीभ दातांमधून बाहेर आलेली, ती तिला आत घेता येत नव्हती. छातीखाली पाण्यानं भरल्यासारखी सूज. ती श्वास ओढायची तेव्हा आवाज व्हायचा. आप्पा तिच्या समोर उभे होते. फेटा नव्हता. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच बघितलं.

पाठोपाठ माणसं जमली आणि निदानं सुरू झाली. एकानं सांगितलं, साप चावला. दुसऱ्यानं गांधीलमाशी सांगितली. तिसरा म्हणाला, निघोज्याच्या गाड्यावर जळणाऱ्या कुणीतरी करणी केली. काकूंनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. आमच्या इमारतीतल्या मंडळींनीही मोबाइल काढले, आणि गावकऱ्यांची निदानं तीनच होती, आमची सतरा निघाली. कुणी म्हणालं, ॲलर्जी, कुणी म्हणालं, थायरॉइड. एकानं तर घोडीला पाणी पाजून बघा, स्ट्रेस असेल, असं सांगितलं. आप्पा प्रत्येकाकडं वळून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडं स्वतःचं असं मत नव्हतं.

शेवटी काकूंनीच चाकणच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. या बाई घोड्यांच्या म्हणून त्या बाजूला प्रसिद्ध. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. आल्या, काही न बोलता मैनेच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय खाल्लं हिनं?"

आप्पांनी सगळं सांगितलं. कडबा, हरभरे, भरड, गूळ, अगदी गेल्या अमावास्येचा पुरणाचा घास. अवकाड्याचं नावही नाही. ते लपवत नव्हते. त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते टॉनिक होतं.

"आन् ती पानं?" काकू म्हणाल्या.

"कसली पानं?" डॉक्टरीणबाई एकदम वळल्या. काकूंनी ढिगाकडं बोट केलं. बाईंनी एक पान उचललं, चुरगळलं, वास घेतला आणि खाली टाकलं.

"आप्पा, हे झाड घोड्याला विषारी आहे. पानं तर सगळ्यात जास्त. यानं अंगातले स्नायू मरतात. जबड्याचे, जिभेचे."

"पन मानसं खात्यात की वो! हार्टला चांगलं म्हंत्यात."

"माणसं फळ खातात, आणि माणसांना ते चालतं. घोड्याला नाही चालत. आणि हृदय म्हणजे तरी काय, स्नायूच आहे. ते आत्ता नीट चालत नाहीये."

आप्पा ढिगाकडं गेले. मग एकदम खाली वाकून तो ढीग कवेत घेऊन उचलायला लागले. अनिकेत जिन्यात उभा होता. तो पुढं येऊन काही बोलणार, तेवढ्यात आप्पाच म्हणाले, "तुमी मानसांचं सांगितलं, सायेब. माझ्या मनात घोडी हुती, ते मी बोललोच न्हाई. कुनाला काय इचारावं ह्ये मला कळाया पायजे हुतं. व्हा बाजूला, काटक्या लागत्याल." मग दोघांनी मिळून तो ढीग उचलून लांब नेला.

मैनेला सुया दिल्या, सलाईन लावलं. बाईंनी बजावलं की तिला जागची हलवायची नाही, घाबरवायचं नाही, तिच्या आसपास आवाज करायचा नाही. हृदयावर ताण आला तर उभ्या उभ्या कोसळेल. मारुंजीत आवाज करू नका म्हणजे काय करायचं? एका बाजूला टॉवरचं काम, दुसऱ्या बाजूला पाण्याचे टँकर, समोर कर्कश भोंगे. पण आप्पांनी ते केलं. रस्त्यावर खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक टँकरवाल्याला हात जोडून सांगायला लागले, "भाऊ, माझी घोडी आजारी हाय. भोंगा नका वाजवू." आश्चर्य म्हणजे लोक ऐकायचे. ज्या रस्त्यावर रुग्णवाहिकेला कुणी वाट देत नाही, तिथं एका घोडीसाठी भोंगे थांबले. मला तर वाटतं, इतक्या वर्षांत कुणी हात जोडून मागितलंच नव्हतं.

मैनेला चावता येत नव्हतं. आप्पा पातळ पेज करून तिच्या जिभेखाली थोडी थोडी सोडायचे, ओल्या फडक्यानं तिची जीभ पुसायचे, आणि तिच्याशी हळू आवाजात बोलत राहायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक. एकदा मी जवळ गेले तेव्हा ते तिला कुठल्याशा शेताची हद्द समजावून सांगत होते. कधीच विकून टाकलेलं शेत. सूज ओसरायला आठवडा गेला. जीभ आत गेली त्या दिवशी काकूंनी साखर वाटली.

झाडांचं काय करायचं यावर बरीच मतं आली. सल्लागारांचा फोन आला की घोडी आणि बाग यांचा संबंध नाही, पुढल्या वर्षी फळ नक्की आहे, फक्त घोडीला बांधून ठेवा. आप्पा म्हणाले, "घोडीला कशापायी? ती तर हितलीच हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी झाडं मुळासकट काढली. सत्कार करणारे पुन्हा आले नाहीत.

महिनाभरानं डॉक्टरीणबाई हृदयाचा आलेख काढायचं यंत्र घेऊन आल्या. मैना तोवर वरवर अगदी पूर्वीसारखी दिसत होती. अंगावर तकाकी, डोळ्यांत तेज. बाईंनी आलेख काढला, पुन्हा काढला, आणि यंत्र बंद करून म्हणाल्या, "जिथला स्नायू मेला तिथं आता नुसता व्रण राहिलाय. ती जगेल, आप्पा. चालेल, खाईल. पण तिच्यावर बसायचं नाही आणि तिला पळवायचं नाही. कधीच नाही. पळता पळता हृदय थांबेल."

यात्रा तोंडावर होती. मेहुणे निघोज्याहून आले. बुलेटवरून उतरून त्यांनी मैनेला आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं बघितलं, तिच्या पायांवरून हात फिरवला. "दाजी, घोडी तर टकाटक हाय. एकच तर घाट मारायचा. डॉक्टर लोक काय, भीती घालतच असत्यात."

"न्हाई पळायची."

"अवो पत्रिका छापल्यात! त्यात मैनेचं नाव हाय. मी लोकांना काय सांगू? पाय मुरगाळला म्हनू का?"

आप्पा मैनेला खरारा करायला लागले. पाय मुरगाळला म्हटलं असतं तर खरोखरच सगळं भागलं असतं. घोडीचा पाय मुरगाळतो, कुणाला काही वाटत नाही. पुढल्या वर्षी पळेल म्हणतात आणि विसरतात. आप्पांची अब्रूही राहिली असती आणि मेहुण्यांचीही. काकू आतून ऐकत होत्या. मेहुणे गेल्यावर त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय सांगायचं ते तुमी ठरवा. पन ती पळनार असंल तर मी हितं ऱ्हानार न्हाई." मैनेचं नाव इमारतीला लावल्याबद्दल वर्षानुवर्षं धुसफुसणारी बाई ती हीच.

घाटावर मी, अनिकेत आणि काकू गेलो होतो. ही गर्दी. धुळीचे लोट, गुलाल, माइकवर निवेदकाची अखंड बडबड. मेहुण्यांच्या गाड्याची पाळी आली. निवेदक ओरडला, "आता येतीय मारुंजीची मैना! आप्पा, घोडी कुठाय आप्पा?" आप्पा गर्दीतून मंचाकडं गेले. पोपटी नाडीचे बूट धुळीनं मातकट झाले होते. त्यांनी माइक मागून घेतला. मला वाटलं, आता भाषण होणार. आप्पांना माइकची सवय होती, सत्काराला ते चांगला अर्धा तास बोलले होते.

"मैना पळनार न्हाई," आप्पा म्हणाले. "तिचं काळीज अधू झालंय. मी केलं. शेरातली लोकं खात्यात म्हनून त्या अवकाड्याच्या झाडाची पानं मी तिला ह्या हातानं चारली. त्यो घोड्याला इख असतो, मला म्हाईत नव्हतं. मी इचारलं बी न्हाई. कुनाच्या बांधाला ते झाड असंल तर घोडीला, जनावराला पानं घालू नका. खाली पडल्याली बी खाऊ देऊ नका. येवढंच."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, पिझ्झा बी चारला का घोडीला?" आणि सगळा घाट हसला. हसू लाटेसारखं वर चढत गेलं. निवेदकानंही दोन विनोद करून घेतले, तेही चांगले जमले. मेहुणे मान खाली घालून उभे होते. आप्पा माइक परत देऊन पायऱ्या उतरले आणि गर्दी बाजूला सारत आमच्याकडं आले. "चला," म्हणाले, "घोडी एकटी हाय." परतताना आम्ही मोटारीत बसलो. काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि हात तसाच राहू दिला.

पुढं बराच काळ पोरं त्यांना 'अवकाडा आप्पा' म्हणून हाक मारायची. आप्पा हाकेला ओ द्यायचे. काही दिवसांनी निघोज्याकडच्या एका माणसाचा फोन आला. त्याच्या फार्महाउसवर घोडा बांधायचे ते अवकाड्याच्याच झाडाखाली. तो घाटावर होता, हसणाऱ्यांत सगळ्यात पुढं होता, असं त्यानं स्वतःच सांगितलं. घरी जाऊन त्यानं घोडा हलवला, आणि डॉक्टरनं सांगितलं की बरं केलंस. ही गोष्ट मला काकूंकडून कळली. रोज रस्त्यात किती गाड्यांना मागं टाकलं ते अख्ख्या गल्लीला सांगणारे आप्पा याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत.

मैना त्यानंतर दोन उन्हाळे जगली. मागच्या तुकड्यात पुन्हा घास फुटला. आप्पा कधी तिच्यावर बसले नाहीत. ती दुपारच्या उन्हात घास खाता खाता गुडघ्यांवर बसली आणि मग आडवी झाली. काकू जवळच धुणं वाळत घालत होत्या, त्यांनीच बघितलं. आप्पांनी तिला त्याच तुकड्यात पुरलं. एक बिल्डर त्या तुकड्यासाठी किती दिवस मागं लागला होता. तो सांत्वनाला आला आणि बोलता बोलता जमिनीचा विषय काढला, तेव्हा आप्पांनी त्याला इतक्या शांतपणे बाहेरचा रस्ता दाखवला की त्याला तो अपमान फाटकाबाहेर गेल्यावर कळला असेल.

माझं लग्न ठरलं आणि मी मारुंजी सोडली. सामान टेम्पोत चढत होतं. ठाणाची जागा तशीच मोकळी होती, शेणानं सारवलेली, खुंटा जागच्या जागी. आम्ही भाडेकरूंनी कितीदा सुचवलं होतं की तिथं चार गाड्या सहज बसतील, पण आप्पा ऐकत नसत. ते तिथंच स्टुलावर बसलेले होते. मी नमस्कार करायला वाकले. उठताना म्हटलं, "आप्पा, दुसरी घोडी आणा आता. तुम्हाला करमत नाही."

आप्पा हसले. खुंट्याकडं बघत राहिले.

"घोडी काय ताई, उद्या मिळंल. आळंदीच्या बाजूला एक बघून बी ठेवलीय मेव्हण्यानं. लई देखनी हाय." मग आवाज उतरवून, काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ते म्हणाले, "पन तिला माझ्यापासनं कोन वाचवंल?"

टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला. आप्पा उठले आणि माझी एक बॅग उचलून पुढं चालायला लागले.